मांडीवरचे खळगे आणि आपलं खाणंपिणं: सेल्युलाइटबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

कांदिवली ते चर्चगेट, लेडीज डबा, आम्ही अकरा जणी, आणि गेल्या मार्चपासून विषय एकच. एकीने मोबाइलवर एक रील दाखवलं, हे सात पदार्थ खा आणि महिन्यात मांड्या गुळगुळीत, आणि मी तोंड उघडून बोलून गेले की अगं मी यावर पैसे घालवून बसलेय आधीच. झालं, तेव्हापासून सगळ्या मलाच विचारतात. मी डॉक्टर नाही, डाएटिशियनही नाही, अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे कोणी काही खा म्हटलं की मी आधी विचारते किती रुपये आणि बदल्यात काय मिळणार. त्याच सवयीने वाचत गेले, ते सगळं इथे एका जागी.

सेल्युलाइट म्हणजे नक्की काय, साधी चरबीच ना ती?

चरबी साधीच, मांडणी वेगळी. घरी कापसाची जुनी गादी असेल तर ती डोळ्यासमोर आणा. गादीला जागोजागी टाके घातलेले असतात, टाका जिथे ओढलाय तिथे खळगा आणि मधला कापूस वर फुगलेला. आपल्या कातडीखाली तसेच चिवट धागे असतात, कोलेजनचे, ते वरच्या त्वचेला खालच्या थराशी बांधून ठेवतात. मधल्या कप्प्यात चरबी असते. चरबी वर ढकलते, धागा खाली ओढतो, की मांडीची गादी झाली. बायकांमध्ये हे धागे बहुतेक उभे असतात, पुरुषांमध्ये तिरके, जाळीसारखे, शिवाय त्यांची त्वचा जाड, म्हणून नवऱ्याचं पोट कितीही सुटलं तरी त्याच्या मांडीवर सहसा हे दिसत नाही. चिडचिड होते खरी, पण तसंच आहे.

वयात आल्यानंतर ८० ते ९० टक्के बायकांना थोडंफार असतंच. आता नव्वद टक्के बायकांना जे असतं त्याला आजार कसं म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. आमच्या आजीला हे खळगे नक्की असणार, शब्द माहीत नव्हता एवढंच. शब्द मुळात फ्रेंच, इंग्रजीत तो गाजला १९६८ मध्ये ‘व्होग’ मासिकात आला तेव्हा, आणि त्यानंतर क्रीम, तेलं, मसाज, सगळी दुकानं उघडली.

मग खाऊन ते जातं का, हो की नाही ते सांग

नाही. धागा तोडेल असा कुठलाही पदार्थ भाजीबाजारात मिळत नाही. खाण्याने जे होऊ शकतं ते वरवरचं, म्हणजे दिसण्यापुरतं, आणि तेही तीन वाटांनी. एक, वरची त्वचा जरा धट्टीकट्टी राहिली तर खालचं कमी दिसतं (गादीवर पातळ चादर घाला आणि जाड सोलापुरी चादर घाला, फरक पडतो ना, तसं). दोन, मीठ आटोक्यात असेल तर अंगावर पाणी कमी धरतं, सूज कमी. तीन, वजन सारखं वरखाली झालं नाही तर त्वचा सैल पडत नाही. रीलमध्ये सांगतात त्यातलं जे काही खरं निघतं ते या तिन्हीपैकी एका खात्यात बसतं, आणि जे बसत नाही ते बहुतेक विकायला काढलेलं असतं.

त्वचेसाठी नक्की काय खायचं?

आधी प्रोटीन. त्वचा बनते त्यातूनच आणि आपण बायका नेमकं तेच कमी खातो. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० चा हिशोब आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलो वजन असेल तर रोज साधारण ४५-४६ ग्रॅम. आता आपला दिवस बघा. सकाळी चहा-बिस्किट, नऊ वाजता ऑफिसात पोहे, दुपारी दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी स्टेशनवर भेळ, रात्री वरणभात, वरण पण असं की वाटीचा तळ दिसावा. मी एकदा डब्यात बसून मोबाइलवर बेरीज केली तर कशीबशी तिशी गाठली होती, आणि माझा समज होता की मी नीट खाते.

भरून काढणं अवघड नाहीये. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅमच्या आसपास. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची उसळ वाटीभर, घट्ट वरण, दही, मूठभर फुटाणे, पनीर. मासे खाणाऱ्यांचं तर सोपंच, बांगड्याचा एक बऱ्यापैकी तुकडा म्हणजे १५-२० ग्रॅम, आणि बोंबील-तारली तरी किती महाग असणार. पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा सुकट आणि सुका जवळा आहेच, पण तो खारवलेला असला तर आधी धुऊन घ्या, का ते पुढे मिठाच्या प्रश्नात येतंय.

दुसरं व्हिटॅमिन सी. ते नसेल तर शरीराला कोलेजन धड विणताच येत नाही, पूर्वी लांबच्या प्रवासात खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, जुन्या जखमा उकलायच्या ते याच्याच अभावी. बाईला रोज लागतं ६५ मिलिग्रॅम. आणि आपल्या डब्यात दोन स्टेशनांच्या मध्ये मीठ-मसाला लावून जो पेरू विकायला येतो त्याच्या १०० ग्रॅममध्ये दोनशेच्या वर असतं, संत्र्याच्या जवळजवळ चौपट. म्हणजे अर्ध्या पेरूत दिवसाचं काम झालं. आवळा, सिमला मिरची, कोथिंबीर, वरणावर पिळलेलं लिंबू, सगळ्यात असतं, फक्त लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा, उष्णतेने ते जातं. पण म्हणून चार पेरू खाल्ले तर चौपट फायदा नाही हं, जास्तीचं लघवीतून निघून जातं आणि पोट दुखतं ते वेगळंच.

कोलेजन पावडर घेऊ का, ऑफिसातली एक जण घेते आणि तिचे केस पण छान झालेत म्हणे

याचं उत्तर मोठं आहे कारण पैसे इथेच जातात.

पूर्ण खोटं आहे असं म्हणता येत नाही. २०१५ मध्ये एक चाचणी छापून आली, २४ ते ५० वयाच्या १०५ बायका, काहींना रोज अडीच ग्रॅम कोलेजन पेप्टाइड (म्हणजे कोलेजनचे बारीक तुकडे, पावडरीत असतात तेच), काहींना नुसती दिखाऊ पावडर, सहा महिने. पेप्टाइडवाल्यांचं सेल्युलाइट थोडं कमी दिसलं. नॉर्मल वजनाच्या बायकांमध्ये फरक बऱ्यापैकी, वजन जास्त असलेल्यांमध्ये कमी. आता अकाउंट्सवालीचा शेरा ऐका: पैसे पेप्टाइड बनवणाऱ्या कंपनीचे होते, बायका शंभरच, आणि थोडं कमी झालं म्हणजे गेलं नव्हे. सहा महिने रोज न चुकता घेतल्यावरची ही गोष्ट आहे, पंधरा दिवसांची नाही.

आणि एक गंमत बघा. अमेरिकेत २०२० मध्ये क्वो नावाच्या इंजेक्शनला सेल्युलाइटसाठी एफडीएची, म्हणजे तिथल्या औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याची, मंजुरी मिळाली. ते काय करायचं, तर ते खाली ओढणारे कोलेजनचे धागे विरघळवायचं. म्हणजे एका दुकानात कोलेजन वाढवायची पावडर आणि दुसऱ्या दुकानात कोलेजन तोडायचं इंजेक्शन, रोग एकच. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतं, एक वरच्या चादरीबद्दल बोलतंय आणि एक टाक्याबद्दल, पण विकणारा हा फरक सांगत नाही. क्वोमुळे मोठमोठे काळेनिळे डाग पडायला लागले, काहींच्या त्वचेवर ते तसेच राहायला लागले, आणि २०२२ च्या शेवटी कंपनीनेच ते बंद केलं.

घ्यायचीच असेल तर घ्या, पण आधी महिनाभर रोजचं प्रोटीन पूर्ण करून बघा, ते कमी असताना वरून पावडर ओतणं म्हणजे गळक्या टाकीत टँकर.

मी शाकाहारी आहे, डब्यावर व्हेज कोलेजन लिहिलेलं चालेल ना?

कोलेजन प्राण्यांतूनच मिळतं, माशाची कातडी, गाय-म्हैस, डुक्कर, कोंबडी. भाजीपाल्यात नसतंच. व्हेज कोलेजन म्हणून जे विकतात त्यात बहुतेक व्हिटॅमिन सी, आवळा, बांबूचा अर्क, असलं काहीतरी असतं, म्हणजे शरीराला कोलेजन बनवायला मदत वगैरे. तेच तर आवळ्यात आहे आणि सुट्टा आवळा बाजारात काही रुपयांना. डब्याच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचू नका, मागे चौकोनात हिरवा गोल आहे की तपकिरी त्रिकोण ते बघा. आणि जेलीसाठी चायना ग्रास वापरत असाल तर ते समुद्री शेवाळ, त्याचा कोलेजनशी संबंध नाही.

पाया सूप, हाडांचं सूप?

छान लागतं, पावसात तर फारच. जिलेटिन असतं त्यात, म्हणजे उकळून सुटलेलं कोलेजन, पण पोटात गेल्यावर त्याचे तुकडे होतात आणि शरीर ते तुकडे कुठे वापरायचे ते स्वतः ठरवतं. मांडीकडे जा असं त्याला सांगता येत नाही.

मीठ कमी केलं तर फरक पडतो का? मी तर वरून घेतच नाही

वरून न घेताही भरपूर जातं, हाच तर घोळ आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सगळं आलं, भाजीतलं, पिठातलं, ब्रेडमधलं. आता ताटात डावीकडे लोणचं, वर पापड, संध्याकाळी वडापाव आणि त्याबरोबर मिठात घोळवलेली मिरची, रात्री उशीर झाला म्हणून दोन मिनिटांच्या नूडल्स, मसाल्याच्या पुडीसकट. पेरूवालीकडून पेरू घेतला तरी ती वर मीठ भुरभुरतेच, तिला सांगा फक्त मिरची लाव.

मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं, दुसऱ्या दिवशी अंगठी घट्ट होते, सॉक्सचे वळ उमटतात, तशीच मांडीही जरा फुगते आणि खळगे जास्त उठून दिसतात. हे कमी केल्यावर दोन-चार दिवसांत कळतं. सेल्युलाइट कमी होत नाही हं, सूज कमी होते. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हेच आपोआप होतं, तेव्हा आरशासमोर उभं राहून निर्णय घेऊ नका.

भरपूर पाणी, जिऱ्याचं पाणी, डिटॉक्स वॉटर?

सेल्युलाइट म्हणजे साचलेलं विष असा एक समज कोणीतरी पसरवून ठेवलाय, त्यात काही दम नाही. विष साठलेलं नसतं तर धुवायचं काय. पाणी तहान लागेल तसं प्या, मे महिन्यात मुंबईचा घाम बघता जास्तच प्या. जिरं, ओवा, काकडी जे आवडेल ते टाका, चवीसाठी. अॅपल सायडर व्हिनेगर मात्र सकाळी उपाशीपोटी पिऊ नका, दातांवरचं कवच झिजतं आणि मांडीला काहीही होत नाही. त्यापेक्षा सोलकढी.

कॉफी प्यायची की लावायची?

प्यायल्याने काही नाही. कॅफीन असलेलं क्रीम चोळलं की त्वचेतलं पाणी जरा कमी होतं आणि काही तास मांडी ताठ दिसते, लग्नाला जाण्याआधी ठीक आहे. आणि कॉफीचा चोथा तेलात कालवून बाथरूममध्ये घासलात तर नंतर मोरी तुम्हीच साफ करायची आहे एवढं लक्षात ठेवा.

वजन कमी केलं की जाईल ना?

बऱ्याच जणींचं कमी दिसतं, हे खरं. पण २००६ मध्ये वजन उतरवलेल्या बायकांवर एक छोटा अभ्यास झाला होता, त्यात बहुतेकींचं सुधारलं आणि काहींचं उलट वाढलं, कारण चरबी गेली पण कातडी सैल पडली. आमच्यातल्या एकीचं हेच झालं, मुलीच्या लग्नाआधी तीन महिने नुसतं सूप आणि काकडी, अकरा किलो उतरली, चेहरा ओढलेला, आणि मांडी पूर्वीपेक्षा वाईट दिसायला लागली. लग्नानंतर पाच महिन्यांत नऊ किलो परत. म्हणून सावकाश, महिन्याला दोन किलो म्हणजे पुष्कळ. आणि ज्या मुळातच बारीक आहेत त्यांनी यासाठी वजन उतरवायच्या भानगडीत पडूच नये, बारीक बायकांनाही असतंच की.

साखर बंद करू का?

बंद कशाला, मोजा. रक्तात साखर सतत जास्त राहिली तर ती कोलेजनला चिकटते आणि धागा कडक, ठिसूळ होतो, पुस्तकात असं दिलंय आणि ते बरोबर आहे, पण तुमच्या सकाळच्या एका चहातल्या चमचाभर साखरेने मांडीला खळगा पडला असं कोणी सांगत असेल तर सोडून द्या. दिवसात सहा कटिंग होत असतील तर वेगळी गोष्ट, सहा चमचे तिथेच गेले. पुरणपोळीला माझ्याकडून परवानगी.

उपवासाचं काय करायचं, श्रावणात तर आठवड्यात दोन-तीन होतात

उपवासाच्या दिवशी आपण बाकीच्या दिवसांपेक्षा जास्त खातो हे मान्य करून पुढे जाऊ. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, त्यात प्रोटीन दाण्याच्या कुटाचं तेवढं, वर बटाटा, वर वेफर्स आणि त्यांचं मीठ. भगर आणि दाण्याची आमटी करा, राजगिरा घ्या, ताक-दही घ्या, फळांत पेरू किंवा पपई. खिचडी खायचीच असेल तर दाण्याचा कूट सढळ हाताने घाला, माझ्या सासूबाई तशीच करतात आणि ती लागतेही जास्त चांगली.

सोयाबीनने हार्मोन वाढतात आणि सेल्युलाइट वाढतं असं ऐकलं

इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचा सेल्युलाइटशी संबंध आहे म्हणतात, वयात आल्यावर आणि गरोदरपणात ते जास्त दिसायला लागतं, तिथून ही गोष्ट निघाली असावी. सोयात इस्ट्रोजेनसारखं जे असतं ते फार कमजोर, रोजच्या खाण्यातल्या प्रमाणाने काही बिघडत नाही. आठवड्यातून दोनदा सोया चंक्सची भाजी बिनधास्त करा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवा.

ब्राह्मीच्या गोळ्या?

ज्या वनस्पतीला काही जण ब्राह्मी आणि कोकणात कारिवणा म्हणतात तिचा अर्क यासाठी विकतात. घरी पानांची चटणी करून खाल्ली तर काही बिघडत नाही, गोळ्यांनी मात्र क्वचित कोणाच्या लिव्हरला त्रास झालेला आहे, तेव्हा डॉक्टरला न विचारता महिनोन्महिने घेऊ नका.

तू पैसे कुठे घालवलेस ते सांग ना

सांगते. आमच्या भागातल्या एका पार्लरमध्ये सहा सिटिंगचं बॉडी रॅप. अंगाला लेप, वर प्लास्टिक, वर गरम चादर, पाऊण तास. नंतर टेप लावून दाखवली, मांडी एक इंच कमी. मी खुशीत घरी आले, दोन ग्लास पन्हं प्यायले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंच परत जागेवर. घामाने पाणी गेलं होतं, दुसरं काय. त्या पैशात वर्षभर रोज दोन अंडी आली असती, मी हिशोब केलाय, थोडे सुट्टे उरलेही असते.

मग खाण्याशिवाय काय करायचं?

मांडीचा आणि कुल्ल्याचा स्नायू भरला तर गादीला खालून टेकू मिळतो. उठाबशा, जिने. आपल्याला वेगळा जिम कशाला, स्टेशनच्या पुलाचे जिने आहेत, सरकता जिना मध्ये मध्ये बंद असतोच. आठवड्यातून दोन-तीनदा घरी पिशवीत दोन किलो तांदूळ घेऊन उठाबशा काढल्या तरी चालतं. क्रीमच घ्यायचं तर ०.३ टक्के रेटिनॉलवालं (व्हिटॅमिन ए चा एक प्रकार), सहा महिने तरी लावावं लागतं, आणि गरोदर असाल किंवा चान्स घेत असाल तर अजिबात नाही. सिगरेट ओढत असाल तर वरचं सगळं वाचायच्या आधी ती सोडा.

आणि कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूमचा लाइट डोक्यावरून पडतो, त्यात प्रत्येक खळग्याची सावली पडते. त्या आरशावर विश्वास ठेवू नका.

पाय लाल झालाय, गरम लागतोय, दुखतोय, हे पण सेल्युलाइटच का?

नाही, आणि हे नीट वाचा. ते सेल्युलायटिस असू शकतं, नाव सारखं पण गोष्ट पूर्ण वेगळी, ते जिवाणूंचं इन्फेक्शन आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत येतो आपण, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात, तिथून जंतू आत शिरतात. लाल, गरम, दुखरं, पसरत जाणारं, बरोबर ताप, तर त्याच दिवशी डॉक्टर. हळदीचा लेप लावून सोमवारची वाट बघायची नाही. डायबेटिस असेल तर तासभरही नाही.

दुसरं एक असतं लिपिडेमा, दोन्ही पाय सारखेच जाड, पावलं मात्र बारीक, दाबलं की दुखतं, लगेच निळं पडतं, आणि कितीही डाएट केलं तरी पाय उतरत नाहीत. अशा बाईला घरचे कमी खा कमी खा म्हणून छळतात. तिला डॉक्टरकडे घेऊन जा.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिने शॉर्ट्स घालायचं बंद केलंय याच्यासाठी, तिला काय देऊ खायला?

सकाळी शाळेत जाताना अंडं किंवा मुगाचा डोसा, तिच्या वयाला ते लागतंच. पण ते मांडीसाठी आहे असं तिला सांगू नका. पंधराव्या वर्षी डाएटवर तर मुळीच घालू नका, तिची हाडं अजून भरतायत. शक्य असेल तर तुमची मांडी तिला दाखवा. मी माझ्या भाचीला दाखवली, ती आधी ई म्हणाली आणि मग म्हणाली, मावशी, सेम टू सेम.

पेरू बियांसकट खायचा का?

हो.